रुग्णालयाच्या पोर्टलवर बिल भरण्यापूर्वी गावाकडच्या कुटुंबाने काय पाहावे?

वणाकाठ (हिंगणघाट तालुका)

नमस्कार. आमच्या काकूंना हृदयाच्या त्रासामुळे नागपूरच्या एका खाजगी रुग्णालयात भरती केले आहे. उपचारांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. डॉक्टर आणि परिचारिका नीट बोलतात, वेळेवर पाहतात. अडचण पैसे भरण्याची आहे. भरतीच्या खिडकीवर आम्हाला एक छापील चिठ्ठी मिळाली. तिच्यावर रुग्णक्रमांक, एक क्यूआर कोड आणि अनामत रक्कम व पुढील सर्व देयके पेशंट पोर्टलवरच भरावीत अशी सूचना आहे. पोर्टल उघडायचे तर नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि नोंदवलेला मोबाईल आहे आमच्या शेजाऱ्यांचा, कारण रात्री त्यांच्याच गाडीतून काकूंना नेले आणि खिडकीवर त्या वेळी तेच उभे होते. ते आता गावी परतले आहेत आणि कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे सकाळपासून वावरात असतात. रेंज लागली की ते फोन करून आकडे सांगतात, पण तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते.

कालच्या प्रयत्नात माझ्या चुलतभावाच्या खात्यातून ४०,००० रुपये कापले गेले, बँकेचा संदेशही आला, आणि पोर्टलवर मात्र ती रक्कम आजही बाकीच दिसत आहे. खिडकीवर विचारले तर ‘थांबा, येईल’ एवढेच उत्तर मिळते. पुन्हा भरावे का? नाही भरले तर उपचार थांबतील का? आणि मुळात ही सगळी रक्कम आम्हीच भरायची आहे, की काकूंच्या राशनकार्डावर काही होऊ शकते? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. घरात सगळे गोंधळून गेले आहेत.

बिलिंग खिडकी (नागपूर)

मी अनेक वर्षे एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम केले आहे, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने ही व्यवस्था कशी चालते ते सांगतो. पोर्टल वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी त्यांची रचना बहुतेक सारखीच असते.

तुमच्या चिठ्ठीवर बहुधा दोन क्रमांक असतील. एक रुग्णाचा कायमचा क्रमांक, जो त्या रुग्णालयात जन्मभर तोच राहतो. दुसरा या भरतीचा क्रमांक, जो प्रत्येक भरतीला बदलतो. पैसे कायमच्या क्रमांकावर ‘आगाऊ रक्कम’ म्हणून भरले, तर ते रुग्णाच्या नावे जमा राहतात आणि कोणीतरी हाताने ते या भरतीच्या बिलाकडे वळवेपर्यंत बिल बाकीच दिसते. अनेकदा ‘पैसे गेले पण दिसत नाहीत’ या तक्रारीचे मूळ एवढेच असते. म्हणून खिडकीवर ‘पैसे आले का?’ असे न विचारता ‘या रुग्णक्रमांकावर आगाऊ जमा किती आहे, आणि भरती क्रमांकावर किती आहे, ते दोन्ही पाहून सांगा’ असे विचारावे. कर्मचारी नवीन असेल तर तो फक्त एकच पान उघडतो.

दुसरी बाब मोबाईल क्रमांकाची. तो बदलता येतो आणि तो विनामूल्य बदलून द्यावा लागतो. साध्या कागदावर अर्ज, रुग्णाचे ओळखपत्र आणि अर्जदाराचे ओळखपत्र एवढे पुरेसे असते. हे काम बिलिंगच्या खिडकीवर होत नाही, नोंदणीच्या खिडकीवर होते. लोक बिलिंगसमोर रांग लावतात आणि तिथून परत पाठवले जातात. ओटीपी येण्यापलीकडेही या बदलाचे महत्त्व आहे. नोंदवलेल्या क्रमांकावर तपासण्यांचे अहवाल, औषधांचा तपशील आणि सुट्टीचा (डिस्चार्जचा) कागद जातो. शेजारी कितीही जवळचे असले तरी काकूंच्या आजाराचा तपशील त्यांच्या फोनवर जात राहणे योग्य नाही, आणि कोणत्याही शेजाऱ्याला ते ओझे नकोच असते.

तिसरी गोष्ट परताव्याची. सुट्टीच्या वेळी अनामत उरली, तर ऑनलाइन भरलेली रक्कम बहुतेक रुग्णालये ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवतात. तुमच्याकडे चुलतभावाने, भाच्याने, जावयाने असे तिघांनी मिळून पैसे भरले असतील, तर परतावा कोणाच्या खात्यात जाईल हे आधीच विचारून घ्या आणि घरात कोणी किती भरले याची वही ठेवा. या एका कारणावरून सख्ख्या भावांमध्ये अबोला आलेला मी खिडकीतून पाहिलेला आहे.

कोपऱ्यावरचे मेडिकल (पुलगाव)

बाहेरून आणलेल्या औषधीच्या पावत्या फेकू नका, एवढेच सांगतो. त्या पोर्टलवर कधीच दिसत नाहीत, आणि पुढे मदतीचा अर्ज करायचा झाला तर आधी त्याच मागतात.

आशाताई (यवतमाळ जिल्हा)

वणाकाठ भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा होता, म्हणून मी तेवढ्यावरच लिहिते आणि थोडे विस्ताराने लिहिते.

पुढचा एकही रुपया भरण्यापूर्वी ते रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले, आहे का, हे पाहा. योजनेचे संरक्षण आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये होते. आता ते ५ लाख रुपये आहे आणि वाढीव स्वरूपात १ जुलै २०२४ पासून राज्यात लागू आहे. पिवळे आणि केशरी कार्ड तर आधीपासून चालतेच, आता पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही त्यात आहेत. आपल्याकडच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना तर ही सवलत पूर्वीपासून होती. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवण्यासारखे उपचार योजनेत येतात. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याचे टेबल बहुधा मुख्य दरवाजाजवळ असते, पण रात्री भरती झालेल्यांना ते दिसत नाही. दिसले नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर विचारावे.

आता पोर्टलचा आणि याचा संबंध सांगते. योजनेत रुग्णाची नोंद झाली की मंजूर उपचारासाठी रुग्णालयाने रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. परंतु भरतीच्या क्षणी तुम्ही पोर्टलवर अनामत भरली की संगणकात तुमची नोंद ‘रोख रुग्ण’ म्हणून होते. त्यानंतर योजनेत बदलून घेणे अशक्य नसते, पण प्रत्येक तासाने ते अवघड होत जाते, कारण उपचार सुरू होण्याआधी योजनेची मंजुरी लागते आणि झालेल्या उपचाराला मागाहून मंजुरी मिळवणे फार कठीण असते. जीव धोक्यात असेल तर दूरध्वनीवरून कळवून मंजुरी घेण्याची आणि कागद नंतर जोडण्याची सोय योजनेत आहे. ही सोय रुग्णालयाला माहीत असते, आपल्या लोकांना माहीत नसते. मी ज्या गावांत काम करते तिथे हेच पाहते, की घाबरलेला माणूस मोबाईल काढतो, नातेवाइकांकडून पैसे मागवतो, क्यूआर कोडवर भरतो, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारते की कार्ड दाखवले होते का.

काकूंचे वय ७० किंवा त्याहून जास्त असेल, तर आयुष्मान भारत योजनेतील वय वंदना कार्डही पाहा. ते २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वय आधारवरचे धरले जाते. आपल्याकडे अनेकांच्या आधारवर जन्मवर्ष अंदाजाने लिहिलेले आहे, म्हणून आधीच पाहून ठेवणे चांगले. त्याची चौकशी १४५५५ वर होते.

आणि उपचार थांबतील का या भीतीबद्दल. तातडीच्या स्थितीतील रुग्णाला आधी वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. पोर्टलवर रक्कम दिसत नाही म्हणून कोणी तातडीचे उपचार रोखू शकत नाही. हे शांतपणे पण ठामपणे सांगावे.

वणाकाठ

ताई, मनापासून आभार. काकूंचे कार्ड केशरी आहे. आम्ही ते सोबत नेलेलेच नव्हते, पण त्यांचे आभा कार्ड आमच्याजवळ आहे. तेवढ्यावर होईल का?

आशाताई

नाही, आणि ही गल्लत गावोगाव होते. आभा म्हणजे चौदा आकडी क्रमांक असलेली आरोग्य नोंदींची ओळख आहे. त्यावर अहवाल एकत्र राहतात, ओपीडीच्या रांगेत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळते. त्यावर एक रुपयाचाही उपचार मोफत होत नाही. पैशांचे संरक्षण देणारे ते आयुष्मान कार्ड, ते वेगळे असते. दोन्ही निळसर, दोन्हींवर फोटो, दोन्ही सेवा केंद्रात काढून मिळतात, त्यामुळे लोक एकच समजतात. घरून राशनकार्डाचा फोटो आजच मागवा आणि मूळ कार्ड उद्याच्या पहिल्या गाडीने येऊ द्या. राशनकार्डावर आणि आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे असेल, तर तेही आरोग्यमित्राला आधीच सांगा.

बँकेतले काका (वर्धा, निवृत्त)

खात्यातून पैसे कापले गेले आणि पोर्टलवर दिसले नाहीत, या प्रश्नावर लिहितो. यूपीआयने भरलेले पैसे रुग्णालयाच्या पोर्टलपर्यंत एका उडीत पोहोचत नाहीत. तुमची बँक, मधली राष्ट्रीय यंत्रणा, रुग्णालयाची बँक, त्यांनी नेमलेली पेमेंट कंपनी, आणि शेवटी रुग्णालयाचे सॉफ्टवेअर, असा तो प्रवास आहे. यात कुठे तुटले ते कळल्याशिवाय भांडण करून उपयोग नाही, आणि ते कळण्याचे साधन म्हणजे बँकेच्या संदेशातील किंवा ॲपमधील बारा आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. चुलतभावाच्या ॲपमध्ये तो व्यवहार उघडून पाहा.

व्यवहार ‘अपयशी’ असेल, तर पैसे रुग्णालयाकडे गेलेलेच नाहीत; ‘प्रलंबित’ असेल, तर ते अजून ठरायचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला यूपीआयने भरलेले आणि त्याच्याकडे न पोहोचलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप खात्यात परत यायला हवेत. उशीर झाला तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने मागणीशिवाय द्यायची आहे. व्यवहार ‘यशस्वी’ असेल, तर मात्र बँकेच्या मागे लागू नका. पैसे रुग्णालयाच्या खात्यात आहेत आणि ते शोधणे हे रुग्णालयाच्या लेखा विभागाचे काम आहे. यूटीआर, तारीख, वेळ आणि रक्कम लिहून लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. या दोहोंपैकी काय झाले ते कळेपर्यंत तीच रक्कम पुन्हा भरू नका.

मर्यादेबद्दलही सांगतो. यूपीआयने सर्वसाधारणपणे दिवसाला १ लाख रुपये पाठवता येतात. रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी ही मर्यादा ५ लाख रुपये करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये केली. ही वाढीव मर्यादा रुग्णालय म्हणून नोंदलेल्या व्यापारी खात्यालाच मिळते. तेव्हा १ लाखाच्या वरची रक्कम जात नसेल तर बहुधा दोन शक्यता असतात. एक तर तुमच्या बँकेने स्वतःची मर्यादा कमी ठेवलेली आहे, किंवा समोरचा क्यूआर कोड रुग्णालय म्हणून नोंदलेल्या खात्याचा नाही. म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचावे. रुग्णालयाचे नाव न येता एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर तिथेच थांबावे. घाईत नवीन फोन घेऊन त्यावर यूपीआय सुरू करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की पहिल्या चोवीस तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात.

यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला लागणारे शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. पोर्टलवर ‘सुविधा शुल्क’ दिसले, तर आपण चुकून क्रेडिट कार्डाचा किंवा नेट बँकिंगचा पर्याय निवडला आहे का ते तपासावे. मोठ्या बिलावर ही रक्कम दुर्लक्ष करण्याइतकी लहान राहत नाही.

धारणीहून

वरील सर्व माहिती उपयोगाची आहे, पण ती मिळण्यासाठी आधी रेंज लागते. आमच्या मेळघाटातील कित्येक गावांत फोन लावायचा तर टेकडीवर किंवा रस्त्यावर ठरावीक जागी जाऊन उभे राहावे लागते. रुग्ण अमरावतीला किंवा नागपूरला, सोबत एक बाई, तिच्याकडे बटणांचा फोन, आणि घरचे लोक गावात. अशा कुटुंबाला ‘पोर्टलवरच भरा’ असे सांगणे म्हणजे त्यांना दारातून परत पाठवणेच आहे, आणि हे सांगताना मला राग येतो, तो मी लपवत नाही.

बटणांच्या फोनवरून पैसे भरण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय मार्च २०२२ पासून आहे आणि ती इंटरनेटशिवाय चालते, हे खरे आहे. मात्र त्यासाठीही खात्याला मोबाईल जोडलेला असावा लागतो, पिन आधी तयार केलेला असावा लागतो, आणि तो पिन दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून पहिल्यांदा तयार करता येत नाही. गावातल्या बँकमित्राकडून अंगठा लावून पैसे काढायचे तर एका वेळी १०,००० रुपयांच्या वर मिळत नाहीत, आणि त्याच्याजवळ तेवढी रोकड असेल तर. शेवटी लोक काय करतात? वॉर्डातल्या अनोळखी माणसाला रोख पैसे देऊन ‘तुमच्या फोनवरून भरून द्या’ म्हणतात. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात. पण पावती त्या माणसाच्या फोनवर येते, आणि तो दुसऱ्या दिवशी सुट्टी होऊन निघून जातो.

माझी मागणी साधी आहे. रोख स्वीकारणारी एक तरी खिडकी रात्रीसुद्धा उघडी राहिली पाहिजे, आणि ऑनलाइन भरणाऱ्यालाही कागदी, शिक्क्याची पावती मिळाली पाहिजे.

बिलिंग खिडकी

धारणीचे भाऊ, तुमच्या मागणीशी मी सहमत आहे. रुग्णालयाच्या बाजूची एक गोष्टही सांगतो, म्हणजे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी उगाच वाद होणार नाही. एका दिवसात एका व्यक्तीकडून, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत मिळून, २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून मोठ्या बिलात खिडकीवाला रोख नाकारतो तेव्हा तो नियम पाळत असतो. पण १०,००० रुपयांची अनामत रोख घ्यायला हा कायदा कुठेही आडवा येत नाही.

पुण्यातला वऱ्हाडी (मूळ गाव दारव्हा तालुक्यात)

मी थोडी दुसरी बाजू मांडतो. माझी आई यवतमाळला भरती होती, मी पुण्यात नोकरीला, आणि लहान भाऊ तिच्याजवळ. पोर्टलमुळे मला घरबसल्या पैसे भरता आले हा फायदा तर झालाच, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा असा, की रोज रात्री चालू बिल ओळीओळीने वाचता आले. खिडकीवर भावाला फक्त एकूण आकडा सांगत असत. पोर्टलवर ‘सविस्तर देयक’ असा एक छोटा दुवा कोपऱ्यात होता आणि तो उघडल्यावर प्रत्येक दिवसाचा हिशेब दिसत होता.

काय पाहावे ते सांगतो. एकाच तारखेला रक्ताची तीच तपासणी दोनदा लावलेली होती. मी भावाला वॉर्डात विचारायला सांगितले. परिचारिकेने नोंदवही पाहून नमुना एकदाच घेतल्याचे सांगितले आणि दुसरी नोंद काढून टाकली. हातमोजे आणि सिरिंज यांच्या ओळी फार लांब असतात. त्यातील प्रत्येक ओळीवर भांडू नये, पण संख्या डोळ्यांखालून घालावी. अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवल्याच्या दिवशी दोन्हींचे खाटभाडे लागले का, ते पाहावे. वापरात न आलेली औषधी परत केली असेल तर तिची वजावट आली का, ते पाहावे; ही वजावट बहुधा सर्वांत उशिरा येते आणि सुट्टीच्या घाईत ती राहून जाते. पॅकेजचा दर ठरला असेल, तर त्यात समाविष्ट असलेली एखादी गोष्ट वेगळ्या ओळीत पुन्हा आली आहे का, हेही पाहावे.

रोज रात्री वाचल्यामुळे प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी विचारता येतो आणि त्या वेळी ड्यूटीवरच्या माणसाला तो आठवतो. सुट्टीच्या दिवशी पंचवीस पानांचे बिल हातात घेऊन, बाहेर गाडी उभी असताना, कोणी काही विचारू शकत नाही. त्या वेळी आपण पैसे भरतो आणि निघतो. मला वाटते की पोर्टलचा खरा उपयोग वाचण्यासाठी करावा. भरणे काय, ते खिडकीवरही होते.

आणखी एक. ६० वर्षांवरील आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचाराचा वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करपद्धतीत मुलाला उत्पन्नातून वजा करता येतो, पण तो खर्च रोखीने केलेला चालत नाही. नोकरी करणाऱ्या मुलांनी म्हणूनच आपल्या खात्यातून भरावे आणि पावती जपून ठेवावी.

कास्तकार (वणी तालुका)

वरील भाऊंचे म्हणणे पटते, पण गावात पैसा कसा येतो तेही लक्षात घ्या. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस दिला तर चुकारे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि तेही काही दिवसांनी. व्यापाऱ्याला दिला तर भाव कमी मिळतो, पण पैसा हातात रोख मिळतो. घरात आजारपण आले की कास्तकार कमी भावात व्यापाऱ्याला देतो, तो याचसाठी. मग ती रोकड घेऊन तो नागपूरला जातो आणि तिथे त्याला सांगतात की ऑनलाइन भरा. रोख कोणाच्या तरी खात्यात टाकायची, त्याच्याकडून भरून घ्यायची, आणि त्या खात्यावर पीककर्जाची थकबाकी असेल तर बँक ती रक्कम अडवून धरील ही भीती वेगळी. आमच्या भागात तर लोक दवाखान्याच्या पैशांसाठी ज्याच्यावर कर्ज नाही अशाच माणसाचे खाते शोधतात.

अर्जनवीस (चंद्रपूर जिल्हा)

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक पोर्टलची बिले माझ्याकडे भरायला आणतात, म्हणून फसवणुकीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत जास्त फसवणूक पोर्टलवर होत नाही, पोर्टल शोधताना होते. रुग्णाचा मुलगा इंटरनेटवर रुग्णालयाचे नाव टाकून फोन क्रमांक शोधतो आणि पहिला दिसलेला क्रमांक लावतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, डॉक्टरांची वेळ देतो, नोंदणीसाठी पाच-दहा रुपये भरा म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवतो. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती उघडली की फोनवर येणारे सर्व ओटीपी त्या माणसाला दिसू लागतात. कोणत्याही रुग्णालयाला बिल भरून घेण्यासाठी अशी फाईल पाठवावी लागत नाही. पत्ता आणि क्रमांक नेहमी भरतीच्या छापील चिठ्ठीवरून किंवा जुन्या केसपेपरवरूनच घ्यावा.

दुसरे, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, अशा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. त्यांच्या नावाने बिलाचा दुवा आला तर तो उघडूच नये. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, म्हणजे नागपूरचे मेडिकल, मेयो, किंवा आमचे चंद्रपूरचे आणि यवतमाळचे महाविद्यालय, ही दुसऱ्या विभागाकडे आहेत. तिथे शुल्क असू शकते, पण ते खिडकीवर विचारून भरावे.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच क्षणी कळवावे आणि बँकेला वेगळे कळवावे. आपल्याकडून ओटीपी सांगितला गेला असेल तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते, म्हणून लाजेने गप्प बसून वेळ घालवू नये. माझ्याकडे येणारे लोक दोन-दोन दिवस घरात कोणाला सांगत नाहीत, आणि तोवर खाते रिकामे झालेले असते.

वणाकाठ

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. आरोग्यमित्र तळमजल्यावर भेटले. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे आणि काकूंची अँजिओप्लास्टी व्हायची असल्यामुळे तिच्यासाठी मंजुरी मागता आली. केशरी कार्ड आज सकाळच्या बसने आले. नोंद झाली असून मंजुरीची वाट पाहत आहोत. भरतीनंतरच्या तपासण्यांचे जे पैसे आधी लागले त्यांचा निर्णय वेगळा होईल असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ४०,००० रुपयांचा व्यवहार बँकेच्या बाजूने यशस्वी आहे आणि रक्कम काकूंच्या कायमच्या क्रमांकावर आगाऊ म्हणून पडून होती, बिलिंग खिडकी सरांनी लिहिले तसेच. ती परत मिळावी म्हणून लेखी अर्ज दिला आहे.

मोबाईल क्रमांक बदलण्याचा अर्ज मात्र कसा लिहावा ते समजले नाही. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी ‘रुग्णाची संमती लिहून आणा’ असे सांगितले. कोणी मसुदा देऊ शकेल का?

अर्जनवीस

हा घ्या. आमच्या केंद्रात आम्ही हाच वापरतो.

‘प्रति, नोंदणी विभाग प्रमुख. विषय : रुग्णाच्या नोंदीतील मोबाईल क्रमांक बदलण्याबाबत. महोदय, मी (रुग्णाचे पूर्ण नाव), रुग्णक्रमांक (…), भरती क्रमांक (…), आपल्या रुग्णालयात भरती आहे. भरतीच्या वेळी माझ्या नोंदीत (जुना क्रमांक) हा मोबाईल क्रमांक लिहिला गेला. तो माझा किंवा माझ्या कुटुंबातील व्यक्तीचा नाही. त्याऐवजी माझे (नाते), श्री./श्रीमती (नाव), यांचा (नवा क्रमांक) हा मोबाईल क्रमांक नोंदवावा, आणि यापुढील ओटीपी, देयके, अहवाल व परताव्याची माहिती त्याच क्रमांकावर पाठवावी, यास माझी संमती आहे. जुन्या क्रमांकावरील पोर्टलचा प्रवेश बंद करावा. सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. रुग्णाची सही किंवा अंगठा, साक्षीदाराची सही, दिनांक.’

काकूंचा अंगठा असेल तर साक्षीदार म्हणून वॉर्डातील परिचारिकेची सही घ्यावी, म्हणजे खिडकीवर शंका घेत नाहीत.

बिलिंग खिडकी

मसुदा उत्तम आहे. त्यात ‘जुन्या क्रमांकावरील प्रवेश बंद करावा’ हे वाक्य कोणीही गाळू नये, कारण नवीन क्रमांक जोडला तरी अनेक पोर्टलांवर जुना आपोआप निघत नाही. अर्ज दिल्यावर खिडकीसमोरच उभे राहून एकदा नव्या क्रमांकाने पोर्टल उघडून पाहा, आणि शेजाऱ्यांना फोन करून त्यांच्याकडे अजून ओटीपी येतो का तेही विचारून घ्या.